वॉरंटीत बदलून मिळालेली एसएसडी: डेटा टाकण्याआधी ती कशी पारखायची

वॉरंटीत एसएसडी (संगणकात डेटा साठवणारा फ्लॅश चिपचा ड्राइव्ह) बदलून मिळाली की बहुतेक जण ती जोडतात, तिचं आरोग्य दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडतात आणि निळ्या चौकोनात 'गुड, १०० टक्के' दिसलं की विंडोज टाकून मोकळे होतात. हा टक्का फक्त झीज मोजतो. फ्लॅशच्या पेशी आजवर किती वेळा पुसून लिहिल्या गेल्या आणि कंपनीने त्या किती वेळा चालतील असं धरलंय, एवढंच त्यात येतं. टायरची नक्षी किती उरली ते त्यावरून कळतं, टायरमध्ये खिळा घुसलाय का ते कळत नाही. कंट्रोलरचा, म्हणजे एसएसडी चालवणाऱ्या मुख्य चिपचा, टाका सैल असेल किंवा एखादी फ्लॅश चिप अधूनमधून चुकीचं वाचत असेल, तरी टक्का शंभरच राहतो.

बदलून आलेल्या एसएसडीच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं, कारण ती कोरी असेलच असं नाही. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत 'नवीन किंवा दुरुस्त करून तपासलेली' वस्तू देण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवलेली असते. त्यात गैर काही नाही. मात्र दुरुस्तीनंतर फर्मवेअर, म्हणजे एसएसडीच्या आतलं सॉफ्टवेअर, नव्याने भरलं जातं तेव्हा जुने आकडे पुसले जाण्याची शक्यता असते. म्हणून शून्य तास आणि शंभर टक्के हा फार तर सुरुवातीचा बिंदू धरायचा. तिथून पुढे तुम्ही एसएसडीला कामाला लावायचं आणि कोणते आकडे हलतात ते पाहायचं. यात एक-दोन रात्री आणि मधले तीन-चार दिवस जातात, आणि तेवढे द्यावेतच. तुमचा डेटा एकदा आत गेला की ती परत देताना कागदपत्रं आणि फोटोही तिच्यासोबत जातात.

काउंटरवर

पुण्यात टिळक रोडच्या दुकानातून किंवा तपकीर गल्लीतून घेतलेली असो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर दिलेली असो, की कुरिअरने मागवलेली. ताब्यात घेताना पाहायच्या गोष्टी त्याच. लेबलवरचं मॉडेल आणि क्षमता जुन्या बिलाशी जुळवा. तेच मॉडेल संपलं असेल तर त्याच तोडीचं किंवा वरचं मिळायला हवं. इथे केवळ जीबी पाहू नका. ५ वर्षं वॉरंटी आणि ६०० टीबीडब्ल्यू असलेल्या १ टीबीच्या बदल्यात ३ वर्षं आणि ३२० टीबीडब्ल्यूची १ टीबी हातात आली, तर ती तोडीची नाही. टीबीडब्ल्यू म्हणजे आयुष्यभरात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील याची कंपनीने दिलेली हमी. तो आकडा मॉडेलच्या माहितीपत्रकात असतो, मोबाइलवर तिथेच उघडून पाहा.

लेबलवर 'रिफर्बिश्ड', 'रिसर्टिफाइड' किंवा 'सर्व्हिस पार्ट' असं काही छापलंय का तेही बघा. असल्यास बिघडत नाही, पण माहीत असलेलं बरं. एम.२, म्हणजे थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारी लांबट पट्टी, असेल तर तिचे सोनेरी दात तिरप्या उजेडात धरा. दातांवर उभे बारीक ओरखडे म्हणजे ती आधी कुठल्या तरी स्लॉटमध्ये गेलेली आहे, निदान चाचणीच्या बाकावर तरी. ओरखडे चालतील. काळपट डाग, खरवडलेला दात, कोपऱ्यातून उचकटलेलं लेबल, बोर्डाला आलेला बाक, यांपैकी काही दिसलं तर तिथेच परत करा. लेबल स्वतः मात्र सोलू नका. बऱ्याच कंपन्या त्यावर वॉरंटी नाकारतात, आणि काही मॉडेलमध्ये त्याच लेबलाखाली उष्णता पसरवणारा तांब्याचा पातळ थर असतो.

काउंटर सोडण्याआधी जॉब शीटवर नवा सीरियल नंबर लिहून शिक्का घ्या. जुना नंबर आणि नवा नंबर एकाच कागदावर हवेत. पुढे वाद झालाच तर हा कागद कामाला येतो. मग नवा नंबर कंपनीच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाका. वॉरंटी नव्याने सुरू होत नाही, मूळ खरेदीच्या तारखेपासूनचीच पुढे चालते. बऱ्याच कंपन्यांच्या अटीत 'मूळ वॉरंटीचा उरलेला काळ किंवा ९० दिवस, यांतलं जे जास्त' असं असतं. नंबर सापडलाच नाही किंवा दुसऱ्या देशातल्या विक्रीसाठीचा निघाला, तर दुकानदाराने कंपनीकडून न आणता स्वतःच्या साठ्यातली दिलेली असू शकते. तसं लेखी घ्या. कुरिअरचं पाकीट उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ करा, त्यात लेबल स्पष्ट दिसू द्या.

जोडणी

तपासणीच्या काळात एसएसडी थेट मदरबोर्डवर बसवा. यूएसबीच्या डबीत बसवून तपासलं तर आकडे धड दिसत नाहीत, केबल किंवा डबी गडबडली की दोष एसएसडीच्या माथी जातो, आणि ट्रिम (कोणती जागा मोकळी झाली हे एसएसडीला सांगणारी आज्ञा) नीट पोचतेच असं नाही. डबीशिवाय इलाज नसेल तर किमान एसएसडीची अंतर्गत माहिती पुढे पाठवणारी डबी घ्या. रिअलटेक आरटीएल९२१० किंवा जेमायक्रॉन जेएमएस५८३ चिपच्या डब्यांतून क्रिस्टलडिस्कइन्फो आणि स्मार्टसीटीएल (आज्ञा टाइप करून चालवायचं तसंच साधन) दोन्हींना वाचता येतं.

एम.२ सुमारे ३० अंशांच्या तिरप्या कोनात आत सरकवा. दात जवळजवळ दिसेनासे झाले की खाली दाबून स्क्रू लावा, बोटाच्या जोराइतकाच. लॅपटॉप असेल तर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते आणि अंगावर स्थिर वीज सहज साठते. लोकरी स्वेटर काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच पाकीट उघडा. अडीच इंची साटा (केबलने जोडायची) एसएसडी असेल तर डेटा केबल नवी वापरा. जुनी एसएसडी बिघडण्यात त्या केबलचाच हात असू शकतो, आणि तीच पुन्हा लावली तर चाचणीला अर्थ उरत नाही.

एसएसडी दिसतच नसेल तर ती मेली असं लगेच समजू नका. काही एम.२ स्लॉट फक्त साटा जोडणी घेतात, काही फक्त एनव्हीएमई, म्हणजे तिच्याहून वेगवान जोडणी. अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही इंटेलची स्टोरेज सांभाळणारी सोय चालू असते. अशा वेळी विंडोजच्या इन्स्टॉलरला इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर दिल्याशिवाय एसएसडी सापडत नाही. बायोसमध्ये (संगणक चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) नाव दिसत असेल, तर अडचण बहुधा इथली आहे.

पहिली नोंद

फॉरमॅट करण्याआधी, एक फाइलही टाकण्याआधी, सगळे आकडे जसेच्या तसे उतरवून ठेवा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो पुरेसं आहे. ते मूळ आकडे सोळाच्या पायात दाखवतं, त्यामुळे फंक्शन मेनूत, अॅडव्हान्स्ड फीचरमध्ये, रॉ व्हॅल्यूजला जाऊन '१० डेसिमल' निवडा, मग एडिट मेनूतून सगळा मजकूर कॉपी करून तारखेसह फाइलमध्ये ठेवा. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स टाका आणि स्मार्टसीटीएल 'एक्स' या छोट्या अक्षराच्या पर्यायासह चालवा. तसाच स्क्रीनचा फोटोही काढा. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा सीरियल नंबर लेबलवरच्या नंबराशी जुळायलाच हवा. तो जुळत नसेल तर पुढची एकही चाचणी न करता परत जा.

क्षमताही इथेच कळते. विंडोजमध्ये २४० जीबीची सुमारे २२३ दिसते, ५०० ची ४६५, १ टीबीची ९३१. मोजणीची पद्धत वेगळी असल्याने तसं दिसतं, त्यात फसवणूक नाही.

एनव्हीएमईचे आकडे

एनव्हीएमईमध्ये आरोग्याची माहिती सगळ्या कंपन्यांना एकाच ठरलेल्या साच्यात द्यावी लागते, त्यामुळे वाचणं सोपं जातं. 'क्रिटिकल वॉर्निंग' शून्यच हवं. १ म्हणजे राखीव जागा संपत आली, २ म्हणजे तापमान मर्यादेबाहेर, ४ म्हणजे विश्वासार्हता घसरली, ८ म्हणजे एसएसडी फक्त वाचण्यापुरती उरली. 'अव्हेलेबल स्पेअर' ही बाद झालेल्या ब्लॉकच्या जागी वापरायची राखीव जागा. ती १०० हवी. बदलून आलेली एसएसडी पहिल्याच दिवशी ९८-९९ दाखवत असेल, तर तिच्यात ब्लॉक बाद होऊन राखीव जागा वापरात आली आहे. उंबरठा बहुतेक वेळा १० असतो, त्यामुळे सर्व्हिस सेंटरवाले 'अजून खूप आहे' म्हणतील. तरी बदलीच्या वस्तूत हे मान्य करू नये, असं आमचं ठाम मत आहे. झीज सावकाश आणि सगळीकडे सारखी होते, ब्लॉक बाद होण्याचं तसं नसतं. एकदा सुरू झालं की ते बहुधा त्याच चिपमध्ये वाढत जातं.

'मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स' हा सगळ्यांत मोलाचा आकडा. एसएसडीने स्वतःचा डेटा वाचायचा प्रयत्न केला, दुरुस्तीचं गणित लावलं आणि तरी जमलं नाही, असं किती वेळा झालं ते इथे नोंदलं जातं. हा शून्य हवा आणि शून्यच राहायला हवा. त्याच्या शेजारचा 'एरर इन्फर्मेशन लॉग एंट्रीज' मात्र लोकांना उगाच घाबरवतो. संगणकाने एसएसडीला न कळणारी एखादी आज्ञा दिली तरी तो एकने वाढतो, काही यंत्रांवर दर बूटला वाढतो. तो शेकड्यांत असला तरी मीडिया एररचा आकडा शून्य असेल तर काळजी नको.

'परसेंटेज यूज्ड' म्हणजे झीज. ०, फार तर १ असावी. 'पॉवर ऑन अवर्स' वाचताना एक लक्षात ठेवा: एसएसडी गाढ झोपेत असते तो वेळ धरायचा की नाही, हे एनव्हीएमईच्या मानकाने कंपनीवर सोडलंय. त्यामुळे लॅपटॉपमधल्या एसएसडीचे तास प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी दिसू शकतात. तासांपेक्षा 'डेटा युनिट्स रिटन' जास्त बोलका आहे. एक युनिट ५,१२,००० बाइटचं, म्हणजे १९,५३,१२५ युनिटांचा १ टीबी होतो. 'अनसेफ शटडाउन्स' वर फार जोर देऊ नका. कारखान्याच्या चाचणीत वीज थेट तोडली जाते, म्हणून तपासून आलेल्या एसएसडीत तो आकडा पॉवर सायकलच्या बरोबरीचाही असू शकतो.

आकड्यांचा आपापसात मेळ बसतो का, हे पाहणं सर्वांत उपयोगाचं. तास शून्य, लिहिलेला डेटा शून्य, पण झीज ३ टक्के? मग काही आकडे पुसले गेले आणि काही राहिले. अशी एसएसडी वापरलेली आहे, तिचा इतिहास तुमच्यापासून झाकला गेलाय, आणि वॉरंटीच्या टेबलावर हा मुद्दा खणखणीत मांडता येतो.

साटाचे आकडे

साटात असा एक साचा नाही. प्रत्येक कंपनी स्वतःचे क्रमांक वापरते, त्यामुळे क्रमांकाचा अर्थ त्या मॉडेलपुरताच धरावा. सर्वसाधारणपणे ५ म्हणजे बदललेले सेक्टर, ९ म्हणजे तास, १२ म्हणजे किती वेळा चालू झाली, १८७ म्हणजे न सुधारता आलेल्या चुका. ५ आणि १८७ चे मूळ आकडे शून्य हवेत. सॅमसंगमध्ये १७७ ही झीज आणि १८३ हे वापरात असताना बाद झालेले ब्लॉक. क्रुशलमध्ये २०२ मध्ये आयुष्याचा हिशोब असतो. १९९ हा केबलवरच्या चुकांचा आकडा आहे. तो वाढला तर आधी केबल आणि पोर्ट बदला, एसएसडीला दोष देऊ नका. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे जुना असेल तर फक्त नोंद ठेवा आणि नव्या केबलवर तो थांबतो का ते पाहा.

क्रुशल एमएक्स५०० मध्ये १९७ क्रमांकाचा आकडा अधूनमधून १ होतो आणि पुन्हा शून्यावर येतो. स्मार्टमॉनटूल्सच्या यादीत त्याला चक्क 'बोगस' असंच नाव दिलंय. त्यावरून एसएसडी परत करायला जाऊ नका.

पूर्ण भरून पाहणं

खरी परीक्षा ही. यात एक गैरसमज फार पसरलाय. रिकाम्या एसएसडीवर 'सरफेस स्कॅन' किंवा 'फुल रीड टेस्ट' चालवतात, सगळे चौकोन हिरवे येतात आणि माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्या चाचणीने फ्लॅशला हातही लावलेला नसतो. ज्या पत्त्यावर काही लिहिलेलंच नाही किंवा जो ट्रिमने मोकळा झालाय, तिथे वाचायला गेलं की कंट्रोलर आपल्या नकाशात बघतो, 'इथे काही नाही' असं ठरवतो आणि बसल्या जागेवरून शून्यं परत पाठवतो. विंडोजचा क्विक फॉरमॅटही अख्ख्या विभागाला ट्रिम पाठवतो, म्हणजे फॉरमॅटनंतर केलेलं वाचन हमखास पोकळ. म्हणून आधी सगळी जागा ओळखता येईल अशा डेटाने भरायची आणि मग तोच डेटा परत वाचून ताडून बघायचा.

विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू घ्या. एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, 'ऑल अव्हेलेबल स्पेस' निवडा, 'राइट प्लस व्हेरिफाय' दाबा. ते १-१ जीबीच्या फाइली लिहीत जातं आणि शेवटी त्या वाचून ताडतं. लिनक्सवर एफ३ हे पॅकेज आहे. त्यातलं एफ३राइट आधी आणि एफ३रीड नंतर चालवायचं. एफ३रीड शेवटी किती सेक्टर बरोबर, किती बिघडलेले, किती थोडे बदललेले आणि किती दुसऱ्याच जागेच्या डेटाने झाकलेले, हे वेगवेगळं सांगतं. शेवटचा प्रकार दिसला तर क्षमताच खोटी आहे. बॅडब्लॉक्सची लिहिण्याची चाचणी इथे नको. ती चार वेगवेगळ्या नक्षींनी चार वेळा सगळं भरते, म्हणजे चौपट झीज, आणि हाती जास्त काही लागत नाही.

झिजेची भीती कुणाला वाटेल, तर हिशोब साधा आहे. सॅमसंग ८७० इव्होच्या १ टीबी मॉडेलला ६०० टीबीडब्ल्यूची हमी आहे. एकदा पूर्ण भरणं म्हणजे त्यातला सहाशेवा भाग. किंग्स्टन ए४०० च्या २४० जीबीला ८० टीबीडब्ल्यू आहे, तिथेही एक भरणी ०.३ टक्क्यांत बसते. एवढा खर्च तपासणीसाठी नक्की परवडतो.

वेळ एसएसडीच्या जातीवर ठरतो. चांगली साटा ४५० एमबी प्रति सेकंद वेगाने लिहिते, तेव्हा १ टीबी पाऊण तासाच्या आत भरते. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणारी) एसएसडी एसएलसी कॅश, म्हणजे वेगाने लिहायची तात्पुरती जागा, संपली की १०० एमबीपर्यंत, कधी त्याहीखाली येते, आणि मग नुसतं लिहायला पावणेतीन तास लागतात. सुरुवातीला जोरात, मग एका टप्प्यावर खाली येऊन तिथेच सपाट चालणं, ही या जातीची तऱ्हा आहे, बिघाड नाही. वेग मधूनच शून्यावर येऊन काही सेकंद अडकत असेल आणि पुन्हा उठत असेल, तर तिकडे लक्ष द्या. चाचणीपूर्वी संगणकाची स्लीप बंद करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर घ्या. मे महिन्यात वळवाच्या पहिल्या सरीला वीज गेली तर अर्धी चाचणी वाया जाते आणि नोंदीत एक अनसेफ शटडाउन आपणच घालून ठेवतो.

भरून झाल्यावर पहिल्या नोंदीशी तुलना करा. ९३१ दिसणारी एसएसडी पूर्ण भरली असेल तर लिहिलेल्या डेटाचा आकडा साधारण १ टीबीने वाढायला हवा. यातून तो आकडा कोणत्या एककात आहे तेही उलगडतं. साटात कुणी ५१२ बाइटच्या तुकड्यात मोजतं, कुणी ३२ एमबीच्या, कुणी थेट जीबीत. आकडा हललाच नाही तर त्या एसएसडीच्या बाकीच्या आकड्यांवरही विसंबू नये. चुकांचे आकडे मात्र जिथल्या तिथे हवेत.

मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि एसएसडीच्या आकड्यांत न येणारे दोष नेमके इथे सापडतात. क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक. १२९ म्हणजे एसएसडीने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिला रिसेट केलं. १५३ म्हणजे तीच आज्ञा पुन्हा द्यावी लागली. १५७ म्हणजे ती अचानक गायब झाली. लिनक्सवर डीमेसेजमध्ये (सिस्टीमच्या नोंदींत) 'टाइमआउट' आणि 'कंट्रोलर इज डाउन' शोधा. आरोग्य १०० टक्के आणि लॉगमध्ये १२९ ची रांग, अशी जोडी दिसली तर एकदा दुसऱ्या संगणकावर किंवा दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. काही बोर्डांवर वीज वाचवण्याच्या सेटिंगमुळेही असं होतं. दोन्हीकडे तेच घडलं तर दोष एसएसडीचा.

बंद ठेवणं

भरलेल्या फाइली लगेच पुसू नका. संगणक पूर्ण बंद करा, एसएसडी काढून पाकिटात घालून तीन-चार दिवस कपाटात ठेवा, मग परत लावून फक्त व्हेरिफाय चालवा. एफ३ मध्ये नुसतं एफ३रीड. कमजोर फ्लॅश पेशी लिहिल्या लिहिल्या बरोबर वाचता येतात आणि वीज नसताना त्यांतला भार गळून चुका दिसायला लागतात. जेडेक या चिप-उद्योगाच्या मानकसंस्थेच्या जेईएसडी२१८ मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने हमीइतकं सगळं लिहून झाल्यानंतरही ३० अंश सेल्सिअसला वीज नसताना १ वर्ष डेटा धरायला हवा. मग जवळपास कोऱ्या एसएसडीला चार दिवस म्हणजे काहीच नव्हे. तिथे एकही चूक निघाली किंवा वाचनाचा वेग पहिल्या वेळेपेक्षा खूपच घसरला, तर ती ठेवू नका.

परत लावल्यावर पाच-सहा वेळा पूर्ण बंद करून चालू करा. रिस्टार्ट नव्हे, पूर्ण बंद, आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी काढून. दोन-तीनदा स्लीपमधून उठवा. कंट्रोलरचे आणि वीजपुरवठ्याचे दोष बहुधा थंड असताना चालू होण्याच्या क्षणी उघडे पडतात. एकदा जरी बायोसमध्ये नाव आलं नाही आणि केबल व स्लॉट ठीक असतील, तर चाचणी नापास.

वेग, उष्णता, फर्मवेअर

क्रिस्टलडिस्कइन्फोत 'ट्रान्सफर मोड' मध्ये सध्याचा आणि शक्य असलेला जोडणीचा वेग शेजारी दिसतो. चार लेनच्या (डेटा जाण्याच्या वाटांच्या) एसएसडीला दोनच मिळत असतील तर काढून पुन्हा बसवा. साटाची कमाल सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, पीसीआयई (एनव्हीएमई जिच्यावर चालते ती जोडणी) ३.० च्या चार लेनची साधारण ३५००, ४.० ची ७००० च्या घरात. तापमान भरणी चालू असताना पाहा. पुण्यात एप्रिल-मे मध्ये दुपारी ३८-४० अंश असताना हीटसिंक नसलेली एनव्हीएमई ७० च्या वर सहज जाते आणि ८० च्या पुढे स्वतःच वेग कमी करते. तीच चाचणी रात्री पंख्याखाली घ्या, मग निकाल द्या.

एकाच मॉडेलच्या नावाखाली आतले भाग बदलतात हेही ध्यानात असू द्या. २०२१ मध्ये क्रुशल पी२ टीएलसीवरून (पेशीत तीन बिट) क्यूएलसीवर गेली, आणि त्याच वर्षी डब्ल्यूडी ब्लू एसएन५५० ची फ्लॅश बदलून कॅशनंतरचा वेग बराच घटला. तुमची जुनी एसएसडी मोठ्या फाइली झपाट्याने लिहीत होती आणि बदलून आलेली त्याच नावाची रेंगाळते, यामागे कारण हे असू शकतं.

फर्मवेअर तपासणं पाच मिनिटांचं काम आहे आणि ते सोडू नये. सॅमसंग ९८० प्रोमध्ये ३बी२क्यूजीएक्सए७ या आवृत्तीवर एसएसडी कायमची फक्त-वाचन स्थितीत जाण्याचा दोष होता, तो ५बी२क्यूजीएक्सए७ मध्ये सुधारला. ९९० प्रोचं आरोग्य विनाकारण भराभर घसरत होतं, त्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये नवं फर्मवेअर आलं. मात्र अद्ययावत केल्याने आधी घसरलेला टक्का परत येत नाही. गोदामात पडून राहिलेली बदलीची एसएसडी जुन्या फर्मवेअरसह येऊ शकते. कंपनीच्या स्वतःच्या साधनातून, म्हणजे सॅमसंग मॅजिशियन, क्रुशल स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, डब्ल्यूडी डॅशबोर्ड, किंग्स्टन एसएसडी मॅनेजर यांतून, अद्ययावत करा. हे पहिली नोंद झाल्यानंतर आणि भरणीच्या आधी करावं. आधी भरून मग फर्मवेअर बदललं, तर तुम्ही तपासलेली एसएसडी आणि वापरणार ती एसएसडी वेगळी झाली.

ठेवायची की परत द्यायची

मीडिया एरर, १८७, किंवा ५ यांतलं काही चाचणीत वाढलं. ताडणीत एकही सेक्टर चुकला. क्रिटिकल वॉर्निंग आलं. सीरियल जुळला नाही. दोन यंत्रांवर गायब झाली किंवा रिसेट झाली: परत द्या, यात विचार करण्यासारखं काही नाही. काही डझन तास, थोड्या पॉवर सायकल, काही जीबी किंवा एखाद-दोन टीबी लिहिलेले आणि बाकी सगळं स्वच्छ असेल तर निःशंक ठेवा. तपासून आलेली, पूर्ण भरणीत आणि चार दिवसांच्या विश्रांतीत पास झालेली एसएसडी न तपासलेल्या कोऱ्या एसएसडीपेक्षा जास्त भरवशाची. मधली स्थिती झिजेची असते. तुमची जुनी २ टक्के झिजलेली होती आणि बदलून ९ टक्क्यांची आली, तर दोष नसला तरी तुम्ही घाट्यात आहात. ते लेखी मांडून बदल मागा.

ठेवायचं ठरलं की चाचणीच्या फाइली पुसा, विभाग उडवून नव्याने फॉरमॅट करा, ट्रिम चालू आहे ना ते बघा, १०-१५ टक्के जागा मोकळी राहू द्या. डेटा टाकल्यावर पहिला महिनाभर मूळ प्रत दुसरीकडे ठेवा आणि महिन्याने आकडे पुन्हा उतरवा.

परत देताना 'स्लो आहे', 'हँग होते' असं सांगू नका. काउंटरवर एसएसडी पाच मिनिटं लावून पाहतात, चालली की परत हातात ठेवतात. पहिली नोंद, शेवटची नोंद, एच२टेस्टडब्ल्यूचा निकाल आणि इव्हेंट लॉगचे क्रमांक, सगळं छापून न्या. वर एका ओळीत लिहा की अमुक सीरियलची बदली एसएसडी अमुक तारखेला मिळाली, पूर्ण भरून वाचताना इतके सेक्टर चुकले, मीडिया एरर शून्याचे इतके झाले. त्याची पोच घ्या आणि तेच कंपनीला ईमेलनेही पाठवा.

तरीही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बऱ्याच वेळा तिथूनच कंपनीचं उत्तर येतं. पुढची पायरी पुण्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत अर्ज करावा लागतो, ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. सोबत मूळ बिल, दोन्ही सीरियल नंबर असलेली जॉब शीट, पोच आणि तारखांसह छापलेले आकडे जोडा.